अजून थोडी मागे

शुक्रवारी संध्याकाळी कचेरी सुटल्यावर अनंत सिल्व्हासाच्या किलवणी नाक्यावरून घरी चालला होता. पिशवीत दुधी आणि कोथिंबीर, डोक्यात काही म्हणजे काही नाही, आणि भगवंताच्या फोटो स्टुडिओच्या काचेत त्याला घरी पूर्वी पोर सांभाळणारी पुतळाबाई दिसली. स्वतः नव्हे, फोटोत. दहा वर्षांपूर्वीची, लुगडं गुडघ्यापर्यंत वर खोचलेली, तोंड उघडं, एक हात पुढे फेकलेला. त्या हाताच्या पुढे वीतभर अंतरावर त्याची मुलगी स्नेहल, चार वर्षांची, लाल फ्रॉकमध्ये, कॅमेऱ्याकडे बघून खुदकन हसणारी. आणि तिच्या मागे पुरीच्या समुद्राची लाट, पांढरीफेक, डोक्याच्या वर चढलेली. चांगला बारा बाय पंधरा इंचांचा रंगीत फोटो, नवरानवरीच्या आणि बारशाच्या फोटोंच्या मधोमध, मानाच्या जागी. अनंतचे पाय तिथेच थबकले. मागून एक सायकलवाला 'ओ काका, साईड!' असं ओरडत गेला, त्याचं हँडल पिशवीला घासून गेलं, तरी हा जागचा हलला नाही. त्याच्या मनात आलेला पहिला विचार माणसाने माणसाला सांगू नये असा होता. ही आली कुठून? हिला तर मी कापली होती.

कापली होती म्हणजे खरोखरच कापली होती, ब्लेडने. सत्त्याऐंशीच्या जानेवारीत वापीहून फोटो धुऊन आले तेव्हा तो कचेरीत आपल्या टेबलाशी बसून एकेक बघत होता. सर्व्हे खात्यात त्याच्याकडे नकाशे असत. नव्या नकाशाच्या कडा सारख्या करायला लोखंडी पट्टी आणि ब्लेड कायम खणात, आणि हात असा सरळ की वरचे साहेबसुद्धा म्हणत, अनंतराव, तुमच्या रेघेला ओळंबा लावावा लागत नाही. पस्तीस फोटो बघून झाले, जगन्नाथाचं देऊळ, कोणार्कची चाकं, धर्मशाळेच्या ओट्यावर बसलेली बायको कुसुम, आणि छत्तिसावा हातात आला तसा त्याने आजूबाजूला बघितलं, कोणी बघत नाही ना म्हणून. मग पट्टी ठेवली आणि एकदाच रेघ ओढली. उजवीकडची दोन बोटं रुंदीची पट्टी बारीक बारीक कुरतडून कचऱ्याच्या टोपलीत गेली. राहिली ती स्नेहल आणि लाट. काय देखणा फोटो झाला होता! त्याने तो चौकटीत घालून बाहेरच्या खोलीत लावला, आल्यागेल्याला पहिल्यांदा तोच दिसेल असा. आता गंमत बघा, जन्म नकाशांत गेलेला माणूस, मूळ प्रत कुठली आणि नक्कल कुठली हे ज्याला झोपेतून उठवून विचारावं, त्याला हे सुचू नये की मूळ प्रत घरातच शाबूत आहे! निगेटिव्ह कुसुमच्या बिस्किटांच्या डब्यात दहा वर्षं पडून होती. निगेटिव्ह कोण बघतो?

या खेपेला तिचं काम निघालं ते सुधाकरमुळे. सुधाकर ट्रेझरीतला, अनंतचा जुना दोस्त, महाराष्ट्र मंडळाचा सेक्रेटरी, आणि ज्याला स्वस्थ बसवत नाही अशा जातीचा माणूस. गणपती झाले, कोजागिरी झाली, आता डिसेंबरात काय करायचं म्हणून याने टूम काढली की प्रत्येक घरातून प्रवासातला एकच आवडता फोटो आणायचा आणि त्यामागची आठवण सगळ्यांना सांगायची. कचेरीतले, शाळेतले, कंपन्यांतले, झाडून सगळे मराठी लोक बोलवायचे. सगळे फोटो भगवंताकडून एकाच मापाचे करून घ्यायचे, म्हणून निगेटिव्ह पाहिजेत. मंगळवारी अनंत कचेरीत असताना स्नेहलने डबा उघडला, उजेडासमोर धरून धरून बरोबर ती पट्टी शोधली आणि देऊन आली. रात्री जेवताना म्हणाली, "बाबा, आपला पुरीचाच दिलाय हं. आणि गोष्ट मी सांगणार. तुम्ही सांगायला लागलात की स्वतःचं सगळं गाळूनच टाकता." अनंतने आमटीचा भुरका मारला आणि बरं म्हणाला. नववीतली पोर. तिला आपला बाप भिडस्त वाटत होता.

"या साहेब!" भगवंत स्टुडिओतून बाहेर आला. "बघितलात? बावीस वर्षं फोटो धुतोय, असलं टायमिंग बघितलं नाही. तुमच्या घरातला मी पाहिलाय ना, त्यात ही बाईच नाही. अर्धा फोटो कापून ठेवलाय तुम्ही! खरी जान तर या बाजूला आहे."

"तो काचेतून काढ," अनंत म्हणाला. "आणि काप. घरी आहे तसा."

"कापू? अहो, हात धजायचा नाही माझा."

"काप म्हणतो ना!" आवाज इतका चढला की आत पासपोर्ट फोटोला बसलेलं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. भगवंतने खांदे उडवले, फोटो काढला, मशीनखाली सरकवला, आणि मान खाली घालूनच म्हणाला, "त्या बाईला मग काय सांगू? काल आली होती ती. सामरवरणीला राहते ना, दोऱ्याच्या कंपनीजवळ? काचेला नाक लावून उभी. म्हटलं काय पाहिजे मावशी, तर म्हणते, 'ती मी शे.' ती मी आहे म्हणे, एकदा नाही, दोनदा. 'ती मी शे.' मी आपला बोलून गेलो, रविवारी शाळेच्या हॉलमध्ये या, तिथे लागणार आहे तुमचा फोटो. चूक झाली का काय माझी?" खट् असा आवाज झाला. भगवंतने फोटो कागदात गुंडाळला आणि सुटी झालेली पट्टी चिमटीत धरून विचारलं, "ही टाकू?" अनंतने ती हिसकावून घेतली, दुमडली आणि शर्टाच्या खिशात कोंबली. टाकून का दिली नाही, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

घरी जाताना खिशातली पट्टी छातीला टोचत होती आणि त्याला पुरीची वाळू आठवत होती. विशेषतः टाचांखालची. माणसाला लाज कुठे आठवते? कोणाला कानात, कोणाला पोटात. अनंतला टाचांत आठवायची. शाऐंशीच्या डिसेंबरात चार वर्षांतून एकदा मिळणारी ती सरकारी प्रवासाची सवलत, एलटीसी, घेऊन तो निघाला तेव्हा कुसुम नुकती टायफॉइडमधून उठली होती, पोर सांभाळायला बरोबर कोणीतरी हवं म्हणून पुतळाबाईला घेतलं. ती त्यांच्याकडे दोन वर्षं स्नेहलला सांभाळत होती, कुसुम शाळेत आणि हा कचेरीत असताना. नवरा झिपरू दोऱ्याच्या कंपनीत पाळीवर. माणसं अमळनेरकडची. सुरतेहून गाडी खानदेशातून जाताना पुतळाबाई दारात जाऊन उभी राहिली आणि लांबच्या लांब एक निंबाचं झाड दाखवून म्हणाली, "साहेब, त्या झाडाच्या मांगे आमचं गाव." अनंतला नुसती झाडं दिसली. पण हो हो म्हणाला. मनात म्हणाला, हिने आयुष्यात तापी सोडून पाणी बघितलेलं नाही, समुद्र बघून काय म्हणेल कोण जाणे. आपण काय, हर्णैकडचे! समुद्र आपल्या दारातला. सबंध प्रवासभर तो हेच सांगत होता, डब्यातल्या मारवाड्याला, धर्मशाळेच्या मॅनेजरला. पुरीच्या किनाऱ्यावर ते वेताची टोकदार टोपी घातलेले कोळी असतात, लोकांना हात धरून आंघोळीला नेणारे. एक जण पुढे आला, मोडक्या हिंदीत म्हणाला, बाबू, बच्ची को अकेला मत छोडो, आज पानी खराब है. अनंत हसला. "अरे, हम समुंदरवाले हैं. हमको मत सिखाओ. जाओ."

आणि खरं काय होतं? खरं हे होतं की त्याचे वडील पोस्टात, घर गावात, मासळी बाजारातून यायची. समुद्रात तो घोट्यापलीकडे कधी गेला नव्हता आणि त्याला पोहता येत नव्हतं. बायकोलाही हे ठाऊक नव्हतं.

कॅमेरा सुधाकरचा. त्याच्या काकांनी मस्कतहून आणलेला जपानी कॅमेरा, आणि देताना सुधाकरने दहा वेळा बजावलं होतं, अनंता, जिवापेक्षा जप. शेवटचा एक फोटो उरला होता. कुसुम लांब शिंपल्यांच्या माळांच्या टोपल्यांपाशी. अनंतने स्नेहलला ओल्या वाळूत उभी केली. चौकटीत पाणी नीट येत नव्हतं, नुसता एक निळा पट्टा. "स्नेहू, मागे सर," तो म्हणाला. ती सरली. "अजून थोडी मागे." ती सरली, हसत, कारण पायाखालून वाळू निसटत होती आणि तिला गुदगुल्या होत होत्या. पुतळाबाई बाजूला पोरीच्या चपला हातात धरून उभी होती. "साहेब, पाणी येतंय," ती म्हणाली. "तू बाजूला हो गं! मध्ये येतेस!" हे अनंतने ओरडून सांगितलं. नंतर काचेतून त्याला लाट दिसली. मोठी, सुंदर. आता इथे कोणी त्याला गळ्याची शपथ घालून विचारलं, तर तो म्हणेल, मला ती सुंदर वाटली, मला वाटलं, आत्ता! आणि मी बटण दाबलं. त्याच्या पुढच्या क्षणी त्याने कॅमेरा दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि तो पळाला. वर, कोरड्या वाळूकडे. पायांनी त्याला विचारलं नाही. टाचा वाळूत रुतत होत्या, निघत होत्या, मागून पाण्याचा आवाज येत होता आणि आपल्याला पाणी लागलं नाही याचं, देवा, त्याला बरं वाटत होतं. वळून बघितलं तर काहीच नव्हतं. लाल फ्रॉक नाही, लुगडं नाही, चपला तेवढ्या फेसावर तरंगत होत्या. मग पन्नास हात पलीकडे पाण्याने एक गाठोडं वाळूवर आणून टाकलं. लुगड्याचं गाठोडं. टोपीवाला कोळी धावत गेला, त्याने ते ओढून वर घेतलं आणि त्यातून स्नेहल निघाली, खोकत, रडत. पुतळाबाईने तिला दोन्ही हातांनी अशी आवळली होती की कोळ्याला तिची बोटं सोडवावी लागली. कोपर सोलवटलेलं, हातात एक बांगडी धड नाही. आणि बापाने तोवर काय करावं? बापाने कॅमेऱ्याच्या काचेवर शिंतोडे उडालेत का ते बघितलं, शर्टाच्या टोकाने पुसलं. मान वर केली तर पुतळाबाई त्याच्याकडेच बघत होती.

तरीसुद्धा इथवर निभावलं असतं. माणूस घाबरतो, पळतो, पुढे जन्मभर मनात कुढतो, चालायचंच. पण सिल्व्हासाला परतल्यावर सुधाकर प्रसादाला आला, कुसुमने सांगितलं की स्नेहू लाटेत सापडली होती, तसा तो उडालाच. "बापरे! मग रे?" "मग काय," अनंत म्हणाला, "लाट आली, धावलो, झालं." धावलो हे काही खोटं नव्हतं. कुठल्या दिशेला, ते त्याने सांगितलं नाही. "शाबास रे कोकण्या!" म्हणून सुधाकरने त्याच्या पाठीवर अशी थाप मारली की हातातला कप हिंदकळला. पुतळाबाई तेव्हा चहाचा ट्रे घेऊन मधल्या दारात उभी होती. तिने त्याच्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर फार बरं झालं असतं. चारचौघांत कुणाचं धोतर सुटलं की आपण पटकन नजर वळवतो ना, तशी तिने वळवली. रिकामे कप गोळा केले आणि आत गेली. ती वळवलेली नजर अनंतला पुढे रोज घरात दिसायला लागली. भाकरी करताना दिसायची, पोरीची वेणी घालताना दिसायची. मार्चमध्ये तो कुसुमला म्हणाला, "स्नेहूला बालवाडीत घालू आता. बाईची काही गरज नाही." कुसुम म्हणाली, "अहो, पण तिने..." आणि थांबली. काय माहीत होतं तिला? पुढे दहा वर्षांत तिने एकदाही विचारलं नाही, किनाऱ्यावर नेमकं काय झालं. विचारत नाही म्हणजे माहीत आहे, असं अनंतला कधी वाटायचं, आणि कधी वाटायचं, छे, ती आपल्याला मानते म्हणून विचारत नाही. दुसरं पहिल्यापेक्षा वाईट होतं. पुतळाबाईला एक पातळ दिलं. जाताना ती पोरीच्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडून गेली. तिने कारण विचारलं नाही.

गोष्ट मात्र वाढत गेली. आधी नुसतं धावलो होतं, मग गळ्याइतकं पाणी झालं, मग कॅमेरा वाळूत फेकला आणि उडी घेतली, असं झालं. फोटो लाट यायच्या एक क्षण आधीचा, असं तो सांगे, आणि कापलेल्या फोटोत तसं दिसतही होतं. "माझा कॅमेरा फेकलास आणि वर मलाच सांगतोस!" सुधाकर दर वेळी हसायचा. त्या कॅमेऱ्यात वाळूचा एक कण नव्हता, हे त्याच्या ध्यानात आलं नसेल? अनंत त्याच्या हसण्यात काहीतरी शोधायचा आणि सापडत नसे. सगळ्यात वाईट म्हणजे स्नेहल याच गोष्टीवर वाढली. तापात, अंधारात, गणिताच्या पेपराच्या आदल्या दिवशी ती म्हणायची, बाबा, पुरीची गोष्ट सांगा. तिला काही झालं तर आपला बाप हातातलं टाकून धावत येणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्याच्यावर ती जगात निर्धास्त चालत होती. रविवारी पुतळाबाई हॉलमध्ये उठून एक वाक्य बोलली की ते संपलं. अनंतला लोकांचं काही नव्हतं असं नाही, लोकांची लाज होतीच. पण रात्रभर त्याला दिसत होता तो पोरीचा चेहरा.

शनिवारी अर्धा दिवस. दुपारी तो स्कूटर काढून सामरवरणीला गेला. काय सांगणार होता? येऊ नका म्हणून हात जोडणार होता, की माफी मागणार होता, दोन्हीची वाक्यं वाटेत जुळवून बघत होता आणि दोन्ही सारखीच घाण वाटत होती. चाळीच्या तोंडाशी रिक्षावाल्याला विचारलं तर त्याने बोटच दाखवलं. पुतळाबाई नळावर एक निळं, जरीच्या काठाचं पातळ धूत होती. केस पांढरे झालेले, पण पिळा घालताना हाताचा जोर तोच. शेजारणीला मोठ्याने सांगत होती, "उद्या हालमधी जावानं शे. मना फोटो लावणार शेत ना!" शेजारीण म्हणाली, तुझा फोटो? कशाला गं? पुतळाबाई म्हणाली, "मी बी गयथी ना पुरीला!" अनंतने स्कूटर बंदसुद्धा केली नव्हती. तिथूनच वळवली आणि घरी येऊन डोकं दुखतंय म्हणून पडून राहिला. खिशातली पट्टी त्याने दुसऱ्या शर्टाच्या खिशात घातली. ती घरात ठेवायचीही भीती, टाकायचीही.

रविवारी चार वाजता शाळेचा हॉल भरला. सुधाकरने फळ्यावर हिरवं कापड ठोकलं होतं, एकेकाने पुढे यायचं, आपला फोटो टाचायचा आणि बोलायचं. कोणाचं बद्रीनाथ, कोणाचा जोगचा धबधबा. सूतकंपनीतला वाल्मिक म्हणून एक पोरगेला कामगार आला, त्याच्या फोटोत मागे बर्फाचे डोंगर आणि शिकारा. "हे काश्मीर," तो म्हणाला, आणि मग मान खाजवत, "पण खरं सांगू का, हा भगवंतभाऊंचा पडदा शे. मी वापीच्या पुढं कुठं गेलोच नाही. आईला धाडला, आई सगळ्या गल्लीत दाखवत फिरली. तिला अजून नाही सांगितलं. हीच आठवण." हॉल असा हसला, अशा टाळ्या पडल्या की बिचारा लाजून लाल झाला. अनंतही टाळ्या वाजवत होता. इतकं सोपं असतं होय हे? शेवटच्या रांगेत निळं पातळ नेसून पुतळाबाई बसली होती. केसांत फूल होतं. ती प्रत्येक फोटो टाचला की मान उंच करून बघायची आणि परत नीट बसायची.

स्नेहलचं नाव पुकारलं. तिने कागद सोडला, फोटो टाचला. पुतळाबाई अर्धी उठली. पुढच्या खुर्चीची पाठ धरून, मान इकडून करून, तिकडून करून तिने फोटो बघितला. उजव्या कडेला तिची नजर गेली आणि तिथेच राहिली. मग ती हळूच खाली बसली, मांडीवरच्या पदराचं टोक सारखं करायला लागली. अनंतने हे सगळं बघितलं, कारण तो दुसरं काही बघतच नव्हता. तिकडे स्नेहल गोष्ट सांगत होती, हातवारे करून, छान सांगत होती. "बाबांनी कॅमेरा फेकला. सुधाकरकाकांचा नवा कॅमेरा! त्यांनी विचारसुद्धा केला नाही. मला काही आठवत नाही, पण एक आठवतं, मला कोणीतरी इतकं घट्ट धरलं होतं, इतकं घट्ट की दुखत होतं. अजून मी घाबरले की मला ते धरलेलं आठवतं आणि भीती जाते." आणि मग, काय होणार होतं ते झालंच, तिची नजर मागच्या रांगेत गेली. "अय्या, पुतळामावशी! मावशी होत्या की तेव्हा आमच्याबरोबर! मावशी, सांगा ना तुम्ही, तुम्ही तर डोळ्यांनी बघितलंय!"

सगळ्या माना मागे वळल्या. पुतळाबाई उठली, पदर सारखा केला. "काय सांगू," ती म्हणाली. "साहेबांनीच वाचवलं पोरीला. मी तं रडत बसेल होती." आणि हसून खाली बसली. टाळ्या पडल्या, वाल्मिकपेक्षा जास्त. सुधाकरने त्याचा हात धरून त्याला उभं केलं, बळेच. अनंत उभा राहिला, वाकून नमस्कारही केला. त्याला वाटलं होतं की आज ही आपल्याला उघडं पाडणार. तिने झाकलं होतं. दहा वर्षांत इतका ओशाळा तो कधी झाला नव्हता, वाळूवरसुद्धा नाही. टाचांतून काहीतरी वर चढत कानांपर्यंत आलं.

कार्यक्रम संपला, बाहेर पटांगणात चहा होता. स्नेहल आपला फोटो गुंडाळून बगलेत घेऊन आली आणि त्याच्याजवळ उभी राहिली. लोक जाता जाता अनंतला हात मिळवत होते. गर्दी जरा ओसरल्यावर पुतळाबाई आली. पोरीच्या गालावरून हात फिरवला, "केवढी मोठी झायी वं माय!" म्हणाली. मग अनंतकडे वळून, अगदी खालच्या आवाजात, संकोचाने, जसं काही चूक तिचीच होती, "साहेब, तो कापेल तुकडा टाकी दिला का? नसंल दिला तं मला द्या. माझा दुसरा फोटोच नाही कोणता."

"कुठला तुकडा?" स्नेहल म्हणाली.

टाकला, एवढंच म्हणायचं होतं. शब्द ओठांवर आला होता. पण अनंतचा हात आपोआप खिशाशी गेला होता, पोरीने तो बघितला होता, आणि कसा कोण जाणे, त्याने पट्टी काढून पुढे धरली. घडी पुतळाबाईच्या तोंडावरून गेली होती. स्नेहलने ती मध्येच घेतली. चहाच्या टेबलावर फोटो पसरला आणि पट्टी कडेला लावून बोटाने सपाट केली. रेघ सरळ होती, भगवंताच्या मशीनची, कुठे फट राहिली नाही. इकडची लाट तिकडच्या लाटेला जुळली. पाण्यात धावत आलेली बाई, तिचा पुढे फेकलेला हात, वीतभर अंतर, लाल फ्रॉक. स्नेहलने बोट त्या हातावरून लाल फ्रॉकपर्यंत नेलं. ती हुशार होती, गणितात पहिली यायची. तिने मान वर केली.

"बाबा," ती म्हणाली, "मावशी इथे आहेत. लाट इथे आहे. मग हा फोटो कोणी काढला?"

"अगं, तिथं एक फोटोवाला फिरत होता," पुतळाबाई घाईघाईने म्हणाली, "त्यानं..."

"मी," अनंत म्हणाला. "मी काढला. मागे सर असंही मीच म्हणालो होतो. अजून थोडी मागे. आणि मग मी पळालो."

कपबशा गोळा करणाऱ्यांचा आवाज येत होता. लांबून सुधाकर कुणाला तरी हाक मारत होता. स्नेहलने बापाकडे बघितलं नाही. तिने पुतळाबाईचा हात हातात घेतला, उलटा केला, कोपरावरचा जुना वण बघितला.

"मावशी, तुम्हाला पोहता येत होतं?"

"नाही वं," पुतळाबाई म्हणाली.